चौदा रकान्यांची वर्दी

सोमवार, १२ जानेवारी २०२६

पतसंस्थेची डायरी दरवर्षी बायकोकडे, मनकर्णाकडे जाते. गॅस कधी लावला, दूध कधी बंद होतं, हे ती त्यात लिहिते. यंदा मी ती मागून घेतली, कारण आज लिहिण्याजोगं घडलं आहे. नगराध्यक्षा राजेश्वरीताईंनी मला नगरपंचायतीच्या अग्निशमन व रुग्णवाहिका देखरेख समितीचा अध्यक्ष नेमलं. समितीत मी धरून तिघं. एक नगरसेवक आहेत, ते कायम फिरतीवर. दुसरे डॉक्टर, ते म्हणाले, "सर, तुम्ही ठरवाल त्याला माझी संमती." म्हणजे काम मीच करायचं. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून एकतीस वर्षं शाळा तपासल्या, आता दोन गाड्या तपासायच्या.

मी हो म्हणालो त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली होती. मनकर्णाने फोन केला आणि सातव्या मिनिटाला नगरपंचायतीची गाडी दारात उभी. १०८ तालुक्याहून यायची, तिला वेळ लागला असता. नगरचे डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचा उशीरही परवडला नसता. यंत्रणा चोख असली की माणूस वाचतो, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

मनकर्णालाही हेच सांगितलं. ती मेथी निवडत होती. "यंत्रणाच ती," म्हणाली आणि हसली. का हसली ते विचारायचं राहून गेलं.

गुरुवार, १५ जानेवारी

अग्निशमन केंद्राला अचानक भेट दिली. केंद्र म्हणजे पाण्याच्या टाकीखाली पत्र्याची शेड, एक बंब, एक रुग्णवाहिका, चालक मुजफ्फर आणि दोन फायरमन. फाटकाला खेटून रंगुबाईची चहाची टपरी. तिला फळी नाही, कुलूप नाही, रात्री पोतं टाकलं की झालं. रंगुबाईचं माहेर शनिशिंगणापूर. "माहेरी घराला दार न्हाई, हितं टपरीला कशाला लावू?" असं तिचं म्हणणं.

सगळे कर्मचारी तिच्या बाकावर बसलेले. मी अचानक गेलो होतो, तरी माझा चहा ओतून तयार.

"बिनसाखरेचा हाय," रंगुबाई म्हणाली. "वयनींनी सांगितलंय."

गावात बातमी फार पळते.

वर्दीची नोंदवही मागितली. आग लागल्याची किंवा आजाऱ्याची खबर आली की तिला वर्दी म्हणतात, आणि ती वहीत लिहायची असते. वहीत मुजफ्फरच्या अक्षरात अशा नोंदी: "२ तारीख. बाभळीमागचं खळं. विझलं." "५ तारीख. लंगड्या कुत्र्याचं घर. बाळंतीण. मुलगी झाली, दोघी बऱ्या." वॉर्ड नाही, संपूर्ण नाव नाही, वेळ नाही. चौथीच्या पोराने अशी वही दाखवली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

नियंत्रण कक्षाचा फोन नगरपंचायतीत, लिपिक गोरक्ष यांच्या टेबलावर असतो. त्यावर क्रोशाचं झाकण होतं. डिसेंबरात तिथे एकच फोन आला, तोही कोणी चुकून रेशनच्या चौकशीसाठी केलेला.

"मग वर्दी येते कुठून?" मी मुजफ्फरला विचारलं.

"येती की सर."

"पण कुठे?"

"हितंच."

मोघम उत्तर देणं हा कर्मचाऱ्यांचा जुना रोग आहे.

सोमवार, १९ जानेवारी

वर्दी प्रपत्र तयार केलं. चौदा रकाने. वर्दी देणाऱ्याचं संपूर्ण नाव, रुग्णाशी किंवा आगग्रस्ताशी नातं, वॉर्ड, मालमत्ता क्रमांक, संभाव्य कारण, असं करत शेवटी सही. फोनवर सही कशी घ्यायची हे ठरायचं आहे. गोरक्ष निवृत्तीला टेकलेले, शिस्तीचे. त्यांना बजावलं की एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. त्यांनी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

मनकर्णाने प्रपत्र वाचलं. "घर पेटल्यावर माणूस मालमत्ता क्रमांक शोधत बसेल का?"

"म्हणूनच तो पाठ असायला हवा."

"आपला पाठ आहे तुम्हाला?"

प्रश्न माझा नव्हता, गावाचा होता. तसं तिला सांगितलं.

मंगळवार, २७ जानेवारी

घड्याळ लावून पाहिलं. टपरीमुळे बंबाला फाटकातून निघताना दोनदा मागे घ्यावं लागतं, त्यात पंचावन्न सेकंद जातात. पंचावन्न सेकंदांत झोपडी जाते. त्यामुळे अतिक्रमणाची नोटीस काढली. यात व्यक्तिगत काही नाही.

रंगुबाई भांडली नाही. मी तयारीने गेलो होतो, त्यामुळे थोडं चुकल्यासारखं वाटलं. तिने फक्त विचारलं, "सायेब, मग लोक कुनाला सांगत्याल?"

"काय सांगतील?"

"काय बी. ज्याला जे हुईल ते."

"एस.टी. स्टँडवर दहा टपऱ्या आहेत. चहा तिथेही सांगता येतो," मी म्हणालो.

मग तिने सामान हातगाड्यावर भरलं. गाडा मुजफ्फरने ढकलला, तोही कामाच्या वेळेत.

रात्री जेवायला भाकरी गार होती.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लिहायला अभिमान वाटतो. नवी पद्धत सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि वर्दी शून्य. गोरक्षांचा प्रपत्रांचा गठ्ठा कोराच्या कोरा. देखरेख सुरू होताच आगी लागायच्या थांबल्या, असं म्हणणं धाडसाचं होईल, पण आकडे समोर आहेत. राजेश्वरीताईंनी सभेत माझं अभिनंदन केलं.

वाटेत लाकडाच्या वखारीचे बाबाजान भेटले. हात धरून म्हणाले, "सर, रविवारी गाडी टायमात आली म्हनून वखार वाचली. तुमची मेहरबानी." रविवारची वर्दी गठ्ठ्यात नाही. बाबाजानचं वय झालं, जुनी आठवण सांगत असावेत. मी मेहरबानी स्वीकारली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

गाड्यांची किलोमीटरची वही पाहिली. वर्दी शून्य, किलोमीटर दोनशे बारा. कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी गुपचूप एस.टी. स्टँडवर गेलो. लिंबाखाली बंब उभा, शेजारी रुग्णवाहिका, समोर रंगुबाई चहा गाळतेय आणि आपले तिन्ही वीर बाकावर. चहासाठी बंब घेऊन जाणारी माणसं मी प्रथमच पाहिली.

"ट्रायल घेतोय सर," मुजफ्फर म्हणाला.

"चहाची का बंबाची?"

त्याने मान खाली घातली. खोटं बोलणाऱ्याची मान खाली जाते, हे मी हजारो पोरांवरून सांगू शकतो.

लेखी आदेश काढला. दोन्ही गाड्यांच्या चाव्या गोरक्षांच्या कपाटात. प्रपत्र पूर्ण भरून शिक्का बसल्याशिवाय चावी मिळणार नाही.

"सर, लई उशीर हुईल," मुजफ्फर म्हणाला.

"शिस्तीला वेळ लागतो. आणि तुझं कंत्राट एप्रिलात संपतं. मार्चअखेर माझा अहवाल जायचा आहे, हे लक्षात ठेव."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं घरी आल्यावर वाटलं. पण बोललो.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आता किलोमीटरही शून्य.

मात्र दोन गोष्टी कानावर आल्या, त्या लिहून ठेवतो. मागच्या आळीतल्या साळूबाईंना धाप लागली तेव्हा त्यांना दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं, कॅनच्या मध्ये बसवून. आणि काल मळ्यात एकाची कडब्याची गंजी जळाली. लोकांनी ओली पोती मारून विझवली. एकाचा हात भाजला.

मी त्या गंजीवाल्याकडे जाऊन विचारलं, गाडी असताना फोन का केला नाही?

"केला हुता की," तो म्हणाला. "नाव इचारलं. मग बापाचं नाव. मग गंजी माझी कोन लागती ते इचारलं. नंबराच्या पावतीला बायकू घरात गेली, तवर गंजी खाली बसली."

गंजीशी नातं हा प्रश्न चुकलाच. गोरक्षांना सांगायला हवं की वस्तू जळत असेल तर नात्याचा रकाना लागू नाही. दिवसभर त्या माणसाचा हात डोळ्यांपुढे येत राहिला. कोणतीही पद्धत रुळायला वेळ लागतोच. हे वाक्य मी लिहिलं, पण पूर्वीइतकं पटलं नाही.

सोमवार, ९ मार्च

अहवालाचा मसुदा झाला. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत फुलझाडांचा वाफा करावा आणि टपरीला कायमची मनाई असावी, अशी शिफारस केली आहे. मुजफ्फरला ताकीद.

मनकर्णा म्हणाली, "स्टँडवरचे रंगूला टिकू देत नाहीत. रोज कुणीतरी गाडा हलवायला लावतं. पाडव्यानंतर ती माहेरी जाणार आहे, शिंगणापूरला. भावाच्या दुकानात देवाचं तेल आणि रुईच्या माळा विकायला बसेल."

"चांगलं आहे. शनिवारी गर्दी असते तिथे."

"ती गेली म्हणजे या गावात उरलं काय?" असं म्हणून ती आत गेली. चहा बरा होता हे मला मान्य आहे, पण एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

गुरुवार, १२ मार्च, नगर

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. डायरी पिशवीत कशी आली ते आठवत नाही. प्रपत्राचं पॅडही आलं आहे, आणि मनकर्णाचा चष्मा मात्र राहिला.

काल दुपारी दीडची गोष्ट. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. चिकाचं पातेलं घेऊन खाली येताना मनकर्णाचा पाय घसरला. आवाज आला म्हणून धावलो, तर ती जिन्याच्या तळाशी पडलेली, उजवा पाय नको तसा वळलेला. रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

नंबर मला पाठ होता. मीच रंगवून घेतला होता बंबावर.

"नगरपंचायत नियंत्रण कक्ष, नमस्कार. वर्दी देणाऱ्याचं संपूर्ण नाव?"

"गोरक्ष, मी बोलतोय. बायको पडलीय. गाडी पाठवा."

"हो सर. संपूर्ण नाव सांगा."

"अहो, मी राधाकृष्ण."

"वडिलांचं नाव सर."

मी सांगितलं. मग नातं सांगितलं. वॉर्ड सांगितला.

"मालमत्ता क्रमांक?"

"तो आठवत नाही हो. तुम्ही घर पाहिलंय माझं."

"पाहिलंय सर. पण रकाना रिकामा ठेवायचा नाही असं आपणच सांगितलंय. मी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मी थांबतो सर. पावती बघून सांगा."

मी खरंच पावती शोधायला निघालो. एकतीस वर्षांची सवय. तेवढ्यात मनकर्णा जिन्याखालून म्हणाली, "अहो, फ्रिजवरचा माझा फोन द्या."

तिने न बघता नंबर लावला. "रंगू, मी गं. जिन्यावरनं पडले. पाय मोडला बहुतेक." आणि फोन ठेवला. पुढे काहीच नाही. नाव नाही, पत्ता नाही.

मी माझा फोन कानाला लावून उभाच. गोरक्ष म्हणत होते, "सर, तोवर संभाव्य कारण घेऊ का?" मी चीक म्हणालो. मग त्यांच्या फोनमधून लांबून मुजफ्फरची हाक ऐकू आली, खिडकीखालून. "गोरक्षभाऊ, चावी टाका. सरांच्या घरी जायचंय." काहीतरी खणकलं. गोरक्ष हळूच म्हणाले, "सर, शिक्का नसताना चावी टाकली. माझ्यावर काय ती कारवाई करा. आपण पुढचा रकाना घेऊ."

सहाव्या मिनिटाला गाडी दारात होती. घड्याळ मी सवयीने पाहिलं.

मुजफ्फर आणि फायरमननी तिला असं उचललं की ती एकदाच कण्हली. गाडीत मुजफ्फरने पॅड माझ्या हातात दिलं. "सर, ह्ये भरावं लागंल. गाडी बिनफॉर्मची निघालीय." चेष्टा करत होता की काय ते कळलं नाही. बहुधा नव्हता. त्याला कंत्राटाची भीती होती, आणि ती मीच घातली होती.

मी भरायला लागलो. मालमत्ता क्रमांकाशी थांबलो.

"चारशे सत्तावीस," मनकर्णा डोळे मिटून म्हणाली. घरपट्टी दरवर्षी तीच भरते.

अकरावा रकाना, वर्दी कोणामार्फत मिळाली. तिथे मी पेन टेकवलं आणि हात थांबला.

"मनकर्णा, माझ्या छातीत कळ आली तेव्हा तू कुणाला फोन केला होतास?"

तिने डोळे उघडले. एवढ्या दुखण्यातही तोंडावर तेच हसू, मेथी निवडतानाचं.

"यंत्रणेला," म्हणाली.

मला रडू आलं. मुजफ्फर आरशातून बघत होता, त्याने भोंगा मोठा केला. अकराव्या रकान्यात मी लिहिलं, रंगुबाई. बाकीचे तीन कोरेच राहिले.

शुक्रवार, १३ मार्च, नगर

ऑपरेशन झालं. खुब्यात सळई घातली आहे. आमची मुलगी दिशा पुण्याहून आली. शुद्धीवर आल्यावर मनकर्णाने पहिलं विचारलं, कुरडया कुणी आत घेतल्या? रंगुबाईने घेतल्या म्हणून मुजफ्फरने कळवलं. आमच्या घराला कुलूप न लावताच मी निघालो होतो, आणि ती दोन दिवस जाऊन येऊन लक्ष ठेवतेय.

मंगळवार, १७ मार्च

सकाळच्या गाडीने गावी आलो आणि थेट स्टँडवर गेलो. रंगुबाई कपबश्या पोत्यात भरत होती. पाडवा परवावर आला.

एकतीस वर्षांत मी कोणाची माफी मागितली नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करतात ते ठाऊक नव्हतं. "रंगुबाई, माझी चूक झाली," एवढंच म्हणालो आणि उभा राहिलो.

"बसा," ती म्हणाली. "वयनी कशा हायेत?"

मग तिने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी टपरी घातली तेव्हा केंद्राला फोनच नव्हता. पहिला मोबाईल तिचा. लोकांनी तिचा नंबर घेतला तो घेतलाच. शिंगणापूरला जाणाऱ्या जीपवाल्यांकडेही तोच आहे. "मला लिव्हता येत न्हाई सायेब. पन कुनाच्या घरी म्हातारं हाय, कुनाची सून अवघडलीय, कुनाच्या वळचनीला कडबा हाय, समदं ध्यानात असतं. फोन आला की मी नुस्ती हाळी देते."

"हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"म्या इचारलं हुतं की. लोक कुनाला सांगत्याल म्हनून."

मी मग म्हणालो, "परत चला. पण एक आहे, त्या जागेमुळे बंब अडत होता. पंचावन्न सेकंद. ते काही खोटं नव्हतं."

"न्हाईच मुळी. दहा फूट डाव्या अंगाला घेतली तर बंबबी अडत न्हाई आन् मला टाकीची सावलीबी मिळती. म्या तवाच सांगितलं असतं. तुमी नोटीस दिली, इचारलं न्हाई."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"सून हाय, निकिता. तिला घरं दावायला लागले मी." मग तिने अट घातली. "दुपारी दोन ते तीन मी जेवाया जाते. निकिता तवा शिवनाच्या क्लासला असती. त्या येळंला फोनापाशी मानूस पायजे. भरवशाचं."

ती माझ्याकडेच बघत होती.

शुक्रवार, २० मार्च

मनकर्णा घरी आली, वॉकर घेऊन. नवा अहवाल दिला. फुलझाडं काढली, टपरी डाव्या अंगाला दहा फूट, नगरपंचायतीच्या ठरावाने. मुजफ्फरचं कंत्राट पुढे चालू ठेवावं. चाव्या गाडीतच. प्रपत्र तीन रकान्यांचं, तेही गाडी परत आल्यावर भरायचं. राजेश्वरीताई म्हणाल्या, "सर, या महिन्यात वर्दीचा आकडा एकदम वाढलेला दिसेल." मी म्हणालो, दिसू द्या.

मंगळवार, २४ मार्च

आज दोन वाजता टपरीवर बसलो. रंगुबाईचा फोन समोर, तिचा चहाचा कळकट टॉवेल खांद्यावर. फायरमन बाकावर हसू दाबून बसलेले.

दोन वीसला फोन वाजला. कोणी बाई होती, धापा टाकत. "रंगुमावशी, लंगड्या कुत्र्याच्या घरामागं गोठा पेटलाय."

माझ्या तोंडाशी आलं होतं, संपूर्ण नाव. ते गिळलं आणि हाळी दिली. पहिली हाळी घशातच राहिली, दुसरी निघाली. लंगड्या कुत्र्याचं घर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, पण मुजफ्फरला होतं. बंब एकदाही मागे न घेता फाटकातून सरळ बाहेर पडला. चाळीस मिनिटांनी परत आले. दोन्ही गायी वाचल्या.

वही मी माझ्याकडे घेतली आणि लिहिलं: "२४ तारीख. लंगड्या कुत्र्याच्या घरामागचा गोठा. विझलं. गायी बऱ्या." पुन्हा वाचून पाहिलं. यात काही कमी आहे असं वाटलं नाही.

तीनला पाच कमी असताना परत फोन वाजला. मी झटकन उचलला.

"कोण, यंत्रणा का?" मनकर्णा होती.

"हो," मी म्हणालो. "बोला."

"येताना कोथिंबीर आणा."

ही वर्दी वहीत घेतली नाही. कोथिंबीर आणली.